वजन जास्त, रंग वरचा, तरीही हिरा स्वस्त कसा?

प्रश्न : माझ्या मुलीचा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. तिच्यासाठी अंगठी करायची म्हणून आम्ही दादरच्या एका सराफी पेढीत गेलो होतो. त्यांनी दोन सुटे हिरे दाखवले. पहिला ०.५१ कॅरेटचा, रंग जी, शुद्धता व्हीएस १. दुसरा ०.५३ कॅरेटचा, रंग एफ, शुद्धता तीच. दोन्ही गोल आहेत आणि दोन्हींसोबत जीआयएचा, म्हणजे हिऱ्यांची प्रत तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचा, अहवाल आहे. दुसरा वजनाने जास्त आणि रंगाने वरचा असूनही पहिल्यापेक्षा सुमारे ३० हजार रुपयांनी स्वस्त आहे. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "ताई, कटचा फरक आहे, पण नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही, दुसराच घ्या." माझे यजमानही म्हणतात की पैसे वजनाचे आणि रंगाचे असतात, कट म्हणजे नुसता आकार. दोन्ही अहवालांच्या प्रती सोबत पाठवत आहे. आणखी एक विचारायचे आहे. सासूबाईंच्या हिऱ्याच्या जुन्या कुड्या घरात आहेत. त्यांचे कोंदण मागून बंद आहे आणि हिरे फिके दिसतात. ते काढून त्यांना नव्याने पैलू पाडून घेतले तर अंगठीचे काम भागेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : थेट उत्तर आधी देते, कारण आपल्याला निर्णय लवकर घ्यायचा आहे. या दोघांतून निवडायचे असेल तर पहिला हिरा घ्या. ३० हजारांचा फरक परवडत नसेल तर दुसऱ्याकडे न वळता त्याच पेढीकडे पहिल्यासारख्याच कटचा, पण रंगात किंवा शुद्धतेत एक-दोन पायऱ्या खालचा हिरा मागा. कुड्यांमधले हिरे काढू नका. त्याची कारणे शेवटी लिहिते.

आपल्या यजमानांचा समज अनेक घरांमध्ये असतो आणि बाजाराची रीतही त्याला खतपाणी घालते. घाऊक व्यापारात ज्याचा आधार घेतात ते रॅपापोर्ट दरपत्रक वजन, रंग आणि शुद्धता यांच्या रकान्यांत मांडलेले असते. त्यात कटचा वेगळा रकाना नसतो. मात्र त्या दरावर किती टक्के वजावट द्यायची, हे व्यापारी ठरवतात तेव्हा कट पाहूनच ठरवतात. त्यामुळे ग्राहकाला कटची किंमत कागदावर कुठे दिसत नाही, पण सौद्यात ती पुरेपूर मोजलेली असते. आपल्याला सांगितलेल्या दोन किमतींमधला फरक हा त्या वजावटीचाच फरक आहे. विक्रेत्याने दुसऱ्या हिऱ्यावर उदार होऊन सूट दिलेली नाही.

आकार आपल्या दोन्ही हिऱ्यांचा एकच आहे, गोल ब्रिलियंट. या आकारात ५७ पैलू असतात, आणि तळाच्या टोकावर एक बारीक पैलू ठेवला तर ५८. कट म्हणजे हे पैलू एकमेकांशी कोणत्या कोनात बसले आहेत, त्यांचे आपापसातले प्रमाण काय आहे, ते किती सारखे आहेत आणि त्यांच्यावर किती सफाईने पॉलिश झाले आहे, या सगळ्याचा हिशोब. हिरा खाणीतून निघतो तेव्हा त्याचा रंग ठरलेला असतो आणि आतले बहुतेक डागही ठरलेले असतात. त्यापुढे माणसाच्या हातात राहतात ते कोन. हिरा चमकेल की मलूल दिसेल, हे रंगापेक्षा आणि आतल्या सूक्ष्म डागांपेक्षा कितीतरी जास्त या कोनांवर अवलंबून असते, आणि म्हणूनच मी या बाबतीत एवढ्या आग्रहाने लिहीत आहे.

याचे कारण प्रकाशाच्या वागण्यात आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, सुमारे २.४२ असतो, तर साध्या काचेचा १.५ च्या आसपास. म्हणून हवेतून हिऱ्यात शिरणारा किरण चांगलाच वळतो, आणि एकदा आत गेलेला किरण सहजासहजी बाहेर पडत नाही. आतून एखाद्या पैलूवर तो लंब रेषेपासून सुमारे २४.४ अंशांपेक्षा जास्त तिरपा आदळला, तर तो पैलू आरशासारखा वागतो आणि किरण पूर्णपणे परत फिरतो. त्याहून कमी तिरपा आदळला, तर बहुतेक प्रकाश तिथूनच बाहेर निसटतो. नीट कापलेल्या हिऱ्यात वरून आलेला किरण खालच्या निमुळत्या भागातल्या एका पैलूवर आदळतो, समोरच्या पैलूवर जातो आणि तिथून पुन्हा वर येऊन आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. बाहेर पडताना तो रंगांमध्ये विखुरतो, त्यातून निळ्या, तांबड्या, केशरी ठिणग्या दिसतात, आणि हात हलला की उजेड-अंधाराचे ठिपके जागा बदलत लुकलुकतात. पांढरी चमक, रंगीत ठिणग्या आणि ही लुकलुक या तिन्ही गोष्टी एकाच हिऱ्यात एकत्र नांदायला हव्या असतील, तर कोनांना फार थोडी मोकळीक उरते.

ही मोकळीक किती, याचे गणित मार्सेल टोल्कॉव्स्की या हिरे घडवणाऱ्या बेल्जियन घराण्यातल्या अभियंत्याने १९१९ साली प्रसिद्ध केले. वरच्या सपाट पैलूची म्हणजे टेबलची रुंदी हिऱ्याच्या व्यासाच्या ५३ टक्के, वरच्या भागाचा म्हणजे क्राऊनचा कोन ३४.५ अंश आणि खालच्या भागाचा म्हणजे पॅव्हेलियनचा कोन ४०.७५ अंश, असे त्याचे उत्तर होते. पुढच्या शंभर वर्षांत त्यात भर पडली, टेबल थोडे मोठे असले तरी चालते हे कळले, पण दोन मुख्य कोनांच्या बाबतीत आजही चांगले कारागीर त्याच्या फारसे दूर जात नाहीत.

आता आपण पाठवलेले दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिल्या हिऱ्याचा व्यास सरासरी ५.१४ मिलिमीटर, खोली व्यासाच्या ६१.६ टक्के, टेबल ५६ टक्के, क्राऊन ३४.५ अंश, पॅव्हेलियन ४०.८ अंश, कट, पॉलिश आणि सिमेट्री या तिन्हींना एक्सलंट. मुंबईच्या बाजारात यालाच ट्रिपल एक्सलंट म्हणतात. दुसऱ्याचा व्यास ५.०४ मिलिमीटर, खोली ६५.५ टक्के, टेबल ५७ टक्के, क्राऊन ३६ अंश, पॅव्हेलियन ४२ अंश, कडेची जाडी म्हणजे गर्डल 'थिक', आणि कटची श्रेणी गुड.

म्हणजे वजनाने जास्त असलेला हिरा समोरून पाहिला तर लहान आहे. पहिल्याच्या प्रमाणात कापला असता तर ०.५३ कॅरेटच्या हिऱ्याचा व्यास ५.२० मिलिमीटरच्या आसपास भरला असता. इथे तो ५.०४ आहे. उरलेले वजन गेले कुठे? ते खाली, खोलीत आणि जाड कडेत दडलेले आहे, जिथे अंगठी घातल्यावर ते कुणालाही दिसणार नाही. एक दशांश मिलिमीटरचा फरक एकटा पाहिला तर क्षुल्लक आहे, हे मी मान्य करते. पण त्याच खोलीमुळे प्रकाशाचेही नुकसान होते. पॅव्हेलियन जसजसे उभे होत जाते, तसतसा मधला भाग समोरून, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोक्याच्या दिशेने आलेला प्रकाश परत पाठवू लागतो. तिथे तर आपल्या डोक्याची सावलीच असते, म्हणून मधोमध काळपट वर्तुळ दिसते. याउलट पॅव्हेलियन फार उथळ असेल तर कडेचे प्रतिबिंब टेबलाच्या आत राखाडी कड्यासारखे उमटते. व्यापारी त्याला फिश-आय म्हणतात. आपला दुसरा हिरा पहिल्या प्रकारच्या दोषाकडे झुकलेला आहे. तो अगदी टाकाऊ नाही, पण कोन दोन्ही बाजूंनी चढे आहेत आणि क्राऊन चढे असताना पॅव्हेलियनही चढे असणे ही जोडी वाईट. एक थोडे चढे असेल तर दुसरे थोडे उतरते असावे लागते.

असा हिरा कुणी का घडवतो, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. कारागिराला येत नाही म्हणून नव्हे. जगातले बहुसंख्य हिरे आज सुरतेत पैलू पाडून घेतात आणि तिथल्या कारागिरांचे कौशल्य वादातीत आहे. कच्चा हिरा पैलू पाडताना सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक वजन धूळ होऊन जाते, आणि कच्च्या मालाचे पैसे मालकाने आधीच मोजलेले असतात, म्हणून प्रत्येक सेंट, म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग, वाचवण्याचा मोह असतो. त्यातून ०.५०, ०.७०, १.०० कॅरेट या उंबरठ्यांवर प्रति कॅरेट दर एकदम उडी मारतो. आपला दुसरा हिरा त्याच व्यासाचा ठेवून योग्य कोनांत कापला असता, तर तो ०.४८ कॅरेटच्या जवळपास उतरला असता आणि अर्ध्या कॅरेटच्या खालच्या रकान्यात गेला असता. बहुधा तो उंबरठा गाठण्यासाठीच त्याची खोली राखली गेली. घडवणाऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार्य निर्णय असेल. पण त्याची भरपाई आपल्या मुलीच्या बोटावरच्या चमकेतून का व्हावी?

चमकेसाठी वजनावर पाणी सोडल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण कोहिनूरचे आहे. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात तो मांडला गेला तेव्हा लोकांची निराशा झाली, कारण एवढा मोठा हिरा उजेडात ठेवूनही मलूल दिसत होता. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले गेले आणि जुन्या मापाने १८६ कॅरेटचा तो दगड १०५.६ कॅरेटवर आला. जुने मुघल रूप गेले याची हळहळ आजही वाटते, ती योग्यच आहे. पण त्या काळच्या मालकांनी चमकेसाठी केवढे वजन मोजले, हे यावरून कळते.

अहवालावरच्या श्रेणीबद्दल थोडे सांगायला हवे. जीआयए गोल ब्रिलियंट हिऱ्यांना २००६ पासून कटची श्रेणी देते : एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर. एक्सलंटचा पट्टा बराच रुंद आहे आणि त्यात थोडे खोल हिरेही बसतात, म्हणून नुसता तो शब्द वाचून थांबू नका. अहवालावर हिऱ्याची बाजूने काढलेली आकृती असते, तिच्यावरचे आकडे वाचा. टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५ टक्के, क्राऊन ३४ ते ३५ अंश, पॅव्हेलियन ४०.६ ते ४१ अंश, या मर्यादेत असलेला हिरा सहसा निराश करत नाही. आपला पहिला हिरा या सगळ्यांत बसतो. मुलीने उद्या ओव्हल किंवा पेअर आकार मागितला तर मात्र ही सोय राहत नाही, कारण जीआयएच्या नेहमीच्या अहवालात कटची श्रेणी गोल हिऱ्यालाच मिळते. लांबट आकारांच्या मधोमध आडवी काळी पट्टी दिसते का, हे तिथे स्वतः डोळ्यांनी पाहावे लागते.

"नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही" हे विक्रेत्याचे म्हणणे मला पटत नाही, आणि त्याची शहानिशा आपण स्वतः करू शकता. पेढीत छतावरून जे छोटे प्रखर दिवे लावलेले असतात, त्यांच्याखाली कोणताही हिरा ठिणग्या उडवतो. कमी प्रतीचा कट झाकायला त्या उजेडासारखे साधन नाही. म्हणून दोन्ही हिरे घडी घातलेल्या पांढऱ्या कागदाच्या खाचेत शेजारी शेजारी ठेवायला सांगा आणि तो कागद घेऊन दाराजवळ, उन्हात नव्हे तर सावलीतल्या दिवसाच्या उजेडात या. फूटभर अंतरावरून सरळ वरून पाहा. मध्यभाग काळवंडलेला आहे का, कडेचा भाग विझल्यासारखा दिसतो का, चमक टोकापासून टोकापर्यंत सारखी पसरली आहे का, एवढेच बघायचे आहे. मग कागद किंचित डावी-उजवीकडे कलवा आणि लुकलुक सगळीकडून उठते की एकाच बाजूने, ते पाहा. त्यानंतर हेच ट्यूबलाइटच्या उजेडात करा, कारण घरात, लोकलमध्ये आणि ऑफिसात मुलगी अंगठी त्याच उजेडात घालणार आहे. दोन हिरे एकत्र ठेवले की फरक न शिकलेल्या डोळ्यांनाही दिसतो. एकेकटा दाखवला तर दिसत नाही. दहापट भिंग मागायलाही संकोचू नका. त्यातून कडेवर लेसरने कोरलेला अहवालाचा क्रमांक वाचता येतो, आणि तो हातातल्या कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहणे हा आपला हक्क आहे.

पैसे कुठे वाचवायचे, तर रंगात आणि शुद्धतेत. एफ आणि जी या रंगांमधला फरक अंगठीत बसवल्यावर जाणकारालाही चटकन सांगता येत नाही. सोने पिवळे असेल तर त्याखालचा एच किंवा आय रंगही खुलून दिसतो, कारण सोन्याच्या पिवळेपणापुढे हिऱ्यातली किंचित झाक उठून दिसत नाही. पांढरे सोने किंवा प्लॅटिनम असेल तर मात्र जी-एचच्या खाली जाऊ नये. शुद्धतेत व्हीएस १ ऐवजी एक पायरी खालचा व्हीएस २ घेतला तरी ते डाग भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि त्याच्याही खालच्या एसआय १ मध्येही नीट शोधले तर डोळ्यांना स्वच्छ दिसणारा हिरा मिळतो. चांगल्या कटचा एच रंगाचा हिरा साधारण कटच्या एफ रंगाच्या हिऱ्यापेक्षा बोटावर अधिक पांढरा भासतो, कारण परत येणारा भरपूर प्रकाश ती झाक झाकून टाकतो. प्रयोगशाळेत घडवलेला हिरा घेण्याचे ठरले तरी कटबद्दलचे हे सगळे जसेच्या तसे लागू होते, कारण प्रकाशाच्या दृष्टीने दोन्ही एकच द्रव्य आहेत. तिथे किंमत कमी असल्यामुळे कटमध्ये तडजोड करायला तर काहीच कारण उरत नाही.

पुढेमागे हिरा विकायची वेळ आली तर त्या बाबतीतही हेच खरे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये असो की झवेरी बाजारात, ट्रिपल एक्सलंट गोल हिऱ्याला गिऱ्हाईक लवकर मिळते, आणि गुड कटचा हिरा घेणारा पुन्हा तीच मोठी वजावट मागतो जी आज आपल्याला सूट म्हणून दिसते आहे. दुकानात मोजलेली पूर्ण किंमत परत मिळेल असे मात्र कोणत्याही हिऱ्याबाबत गृहीत धरू नका. अंगठी मुलीने घालावी म्हणून घ्या.

हिरा नक्की झाला की तो कोंदणात बसवण्यापूर्वीच क्रमांक ताडून घ्या, कारण बसवल्यावर खोली मोजता येत नाही आणि कोरलेला क्रमांक कधी कधी पकडीखाली जातो. बिलावर हिऱ्याचे वजन, रंग, शुद्धता, कट आणि अहवालाचा क्रमांक स्वतंत्र लिहून मागा, तसेच सोन्याचे निव्वळ वजन वेगळे. अंगठीवरचा हॉलमार्क आणि सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी हा ओळख-क्रमांक सोन्याच्या शुद्धतेची हमी देतात. हिऱ्याच्या दर्जाशी त्यांचा संबंध नाही. हिऱ्याखालून उजेड शिरला तरच तो चमकतो, असे आपल्याकडे पुष्कळजण मानतात. नीट कापलेला हिरा वरून घेतलेला प्रकाश वरच परत देतो, त्याला खालच्या उजेडाची गरज नसते. तरीही कोंदण खालून उघडे घ्या, पण ते साफसफाईसाठी. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो आणि मागच्या पैलूंवर तेलाचा थर बसला की उत्तम कटही मलूल दिसतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे थेंब आणि मऊ ब्रश एवढ्याने तो निघतो.

आता सासूबाईंच्या कुड्या. मागून बंद कोंदण आहे, म्हणजे हे हिरे बहुधा जुन्या रोझ कटचे असावेत : तळ सपाट, वर घुमटासारखे त्रिकोणी पैलू. खोलीच नसल्यामुळे त्यांच्यातून प्रकाश आरपार जातो, आणि तो परत यावा म्हणून जुने कारागीर खाली चमकदार पातळ वर्ख ठेवत. कुड्या फिक्या दिसतात त्याचे कारण बहुतेक वेळा हिरे नसतात, काळवंडलेला वर्ख असतो. अशा उथळ हिऱ्याला आजचे ब्रिलियंट पैलू पाडायचे तर त्यातून फारच लहान खडा निघेल, मजुरी वर जाईल आणि जुने काम कायमचे नाहीसे होईल. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला नाशिकचा हिरा सुमारे ९० कॅरेटचा होता. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात तो इंग्रजांच्या हाती गेला, लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने पुन्हा कापल्यावर तो ४३.३८ कॅरेटचा चौकोनी एमराल्ड कट झाला. एवढ्या मोठ्या दगडाला निम्मे वजन गमावूनही मोल राहिले. कुड्यांमधल्या छोट्या खड्यांना ते परवडणारे नाही.

कुड्या साबणाच्या पाण्यात बुडवू नका, कारण ओल आत शिरली की वर्ख आणखी काळा पडतो. जुन्या बंद कोंदणाचे काम जाणणाऱ्या कारागिराला दाखवा, वर्ख बदलता येतो का ते विचारा, आणि खडे काढण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो व सगळ्यांचे मिळून वजन लिहून घ्या. फिरक्यांचे आटे झिजले असतील तर तेही त्याच वेळी नवे करून घ्या, म्हणजे मुलीला साखरपुड्याला त्या निर्धास्तपणे घालता येतील.